रँडम म्हणजे मीच

रँडम या शब्दाचा अर्थ मी सांगतो, लिहून घ्या. डिक्शनरी उघडू नका. डिक्शनरी लिहिणारा माणूस कधी आमच्या कारखान्याच्या फाटकातून संध्याकाळी पाच वाजता बाहेर पडलेला नाही. पडला असता तर त्याने त्या शब्दापुढे सरळ माझं नाव, माझा तिकीट नंबर आणि जमलंच तर माझा फोटो छापला असता.

आमच्याकडे पितळेचे व्हॉल्व्ह बनतात. पितळ म्हटलं की चोरी आलीच, आणि चोरी आली की झडती आली. पूर्वी फाटकावरचा जमादार ज्याच्याकडे बोट दाखवील त्याची झडती व्हायची आणि रोज एक तरी भांडण पेटायचं. म्हणून साहेबांनी मशीन आणलं. कमरेइतक्या उंचीचा एक लोखंडी खांब, त्यावर डबा, डब्यावर एक बटण आणि दोन दिवे. प्रत्येकाने जाताना बटण दाबायचं. हिरवा लागला तर घरी. लाल लागला तर डावीकडच्या प्लायवूडच्या खोलीत. तिथे पिशवी उलटी करायची, खिसे बाहेर काढायचे, जेवणाच्या डब्याची झाकणं उघडायची, मोजे उतरवायचे. मग वहीत नोंद. नाव, वेळ, ‘निवड : रँडम’, ‘आढळले : काही नाही’, आणि सही.

पहिल्यांदा लाल लागला तेव्हा मी हसत हसत आत गेलो. म्हटलं, कायदा सगळ्यांना सारखा. दुसऱ्यांदाही हसलो, पण जरा कमी. आठव्यांदा माझ्या मागे उभा असलेला लेथवरचा पैलवान (तो पैलवान नाही, पण भांडताना शर्टाच्या बाह्या आधी वर करतो) म्हणाला, “गेजवाले, तुम्ही बटण नका दाबू. उगाच दिवा जळतो. सरळ डावीकडे वळत जा.” सगळी रांग हसली. मीही हसल्यासारखं केलं. माणसाची अब्रू जाते ती अशी, हसण्याच्या आवाजात जाते, म्हणून पटकन कळत नाही.

मला गेजवाले म्हणतात कारण मी तपासणी खात्यात आहे. व्हॉल्व्हचे आटे बरोबर आहेत की नाही ते गेज लावून बघतो. एकवीस वर्षं तेच करतो आहे. शंभर नगांच्या पेटीतून पाच नग काढायचे, ते पाच तपासायचे आणि त्यांच्यावरून पेटीची लायकी ठरवायची, असं ते काम. आता पाच कोणते काढायचे, यात सगळी गोम आहे. आळशी माणूस वरचे पाच उचलतो. वरचे नग चकचकीत असतात, मशीनवाल्याने ते मुद्दाम निवडून वर मांडलेले असतात. पाचही पास. पेटी पास. सगळे खूश. मी तसं कधी केलं नाही. मी छताकडे बघतो, कोपरापर्यंत हात पेटीत घालतो, तळातून दोन, कोपऱ्यातून दोन आणि मधून एक काढतो. हाताला एकवीस वर्षांचे ओरखडे आहेत, हवे तर दाखवतो. तेव्हा न बघता निवडणं म्हणजे काय, हे मला कुणा चार बुकं शिकलेल्याने शिकवू नये.

पण शिकवलंच.

झालं असं, की आमच्या खात्याचे सुपरवायझर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागेसाठी दोन नावं होती. एक माझं आणि एक टायवाल्याचं. टायवाला म्हणजे गेजला हात लावताना टाय खांद्यावर टाकणारा एक सहा वर्षांचा जुना माणूस. सहा वर्षं नोकरीची, वयाची नव्हे. पण फरक फारसा नाही. मी निवांत होतो. तर एचआर बाईंनी बोलावलं. बाई हुशार, स्वभावाने वाईट नाहीत, पण कागदावर तक्ता दिसला की त्यांना माणूस दिसेनासा होतो.

“काका, बसा. एक छोटीशी अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “गेल्या महिन्यात कामाचे दिवस चोवीस. तुमची झडती चौदा वेळा. संपूर्ण कारखान्यात तुम्ही पहिले.”

“बाई, काही सापडलं का?”

“नाही ना. पण सुपरवायझरच्या हाती मालाची चावी असते. कमिटी विचारणार, याच माणसाला इतक्यांदा का तपासावं लागलं?”

“मशीनला विचारा. रँडम आहे म्हणता ना?”

“रँडमच आहे. त्यात वैयक्तिक काहीही नाही.”

“मग नोंद माझ्या नावावर कशी?”

“नोंद वैयक्तिकच असते, काका.”

हे वाक्य मी घरी येईपर्यंत चावत होतो. निवड कुणाचीच नाही, पण डाग माझा. वा.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, पण याचा अर्थ तरी काय? रँडम म्हणजे?” आणि इथे माझी पंचाईत झाली. दोन बल्ब आणि एक बटण दाखवून समजावता येईल असा तो शब्द नाही. म्हणून मी मुलीला विचारलं. ती कॉलेजात जाते, तिच्या तोंडात तो शब्द दिवसाला पन्नास वेळा येतो.

“रँडम म्हणजे असंच,” ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. “काहीच्या काही. काल आम्ही फोटो काढत होतो, तर एक रँडम काका मध्येच आला.”

“कोण काका?”

“असाच. कुणीही. ज्याचा कशाशी संबंध नाही असा.”

“त्याला त्याचं घर असेल, नाव असेल. त्याचा संबंध नाही म्हणजे काय?”

“बाबा, किती रँडम बोलताय तुम्ही!”

मी तिचा नाद सोडला. पण शब्द माझी पाठ सोडीना. रागाने डोकं गरगरायला लागलं म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर ते म्हणाले, “प्रेशर ठीक आहे. एक रँडम शुगर करून टाकू.” मी खुर्चीतून उठलोच. बाहेर बाकावर सात पेशंट बसले होते. मी विचारलं, “यांच्यापैकी कुणाची केली का?” म्हणाले, “नाही.” म्हटलं, “मग माझीच कशी?” डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की रँडम म्हणजे जेवणाआधी-नंतर असा हिशेब न बघता कधीही घेतलेली. मी म्हटलं, “ते वेळेचं झालं. माणसाचं बोला.” त्यांनी माझं प्रेशर पुन्हा मोजलं. आता ते ठीक नव्हतं.

मेव्हण्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तो आला. त्याच्या मते हा नशिबाचा मामला होता आणि मी फाटकातून उजवा पाय आधी टाकायला हवा होता. दोन दिवस टाकला. दोन्ही दिवस लाल. “मग डावा टाका,” तो म्हणाला. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या, “शर्ट बदला, तो चेक्सचा शर्ट अंगावर असला की तुम्ही कुणाला तरी हुडकताय असे दिसता.” शेजारच्या बँकेतल्या काकांनी सल्ला दिला की भांडू नका, एकदा मुद्दाम काहीतरी किरकोळ खिशात ठेवून सापडू द्या, म्हणजे त्यांचंही समाधान होईल. हा माणूस बँकेत कर्ज मंजूर करतो, हे ध्यानात ठेवा.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या सरांकडे गेलो. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की एवढ्या दिवसांत कुणीच विचारला नव्हता.

“रोज माणसं किती आणि झडत्या किती?”

“माणसं दोनशे वीस. झडत्या अंदाजे वीस.”

“म्हणजे अकरात एक. चोवीस दिवसांत तुमच्या वाट्याला दोन यायला हव्यात. तीन म्हणा, फार तर पाच. चौदा?” त्यांनी चष्मा काढला. मग शिवणवाल्या बाईंकडून बटणांचा डबा मागवला. दहा पांढरी बटणं, एक लाल, सगळी एका पिशवीत. जिन्यातच खेळ मांडला. न बघता एक काढायचं, बघायचं, परत टाकायचं, चोवीसदा. मी काढली, लाल तीनदा. बायकोने काढली, लाल एकदा. मेव्हण्याने उजवा हात कपाळाला लावून काढली, एकदाही नाही. मग अख्खी इमारत जिन्यात उतरली. पोरं, बायका, वर्तमानपत्र टाकायला आलेला माणूससुद्धा. सर पायरीवर बसून रेघोट्या मारत होते. एकूण एकेचाळीस जणांनी काढली. सगळ्यात जास्त लाल कुणाला? शिवणवाल्या बाईंना, सहा. त्यांनी लगेच जाहीर केलं की बटणं त्यांच्या ओळखीची आहेत.

“सर, म्हणजे चौदा अशक्य आहे ना?”

“अशक्य म्हणता येत नाही.”

“म्हणजे होऊ शकतं?”

“होऊ शकतं. गणितात काहीही होऊ शकतं,” सर म्हणाले. “पण तुमच्या जागी मी असतो तर देवाला, नशिबाला आणि गणिताला सोडून आधी फाटकावरच्या त्या डब्याकडे बघितलं असतं.”

बस. मला काम मिळालं. मी तीन दिवस दुपारनंतरची सुट्टी टाकली आणि फाटकासमोरच्या सायकलच्या दुकानात एक स्टूल घेऊन बसलो. वही, पेन. पाच वाजता माणसं बाहेर पडायची. सरळ गेला त्याची उभी रेघ, डावीकडे वळला त्याची फुली. सायकलवाल्याने विचारलं, “काय चाललंय?” म्हटलं, “मोजणी.” तो म्हणाला, “रस्ता रुंद होणार का? माझं दुकान जाणार का?” संध्याकाळपर्यंत त्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांनी दुकानं वाचवायचा अर्ज तयार केला होता आणि त्यावर पहिली सही माझ्याकडे मागत होते.

पण मोजणी झाली. पहिल्या दिवशी फुल्या वीस. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी वीस.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. मला घाम फुटला. सरांच्या जिन्यात एकाला तीन लाल येत होते, दुसऱ्याला शून्य. न बघता काढलं की आकडा असा वेडावाकडाच येतो. एकवीस वर्षं माझ्या पेट्यांत तो वेडावाकडा आलाय. एखाद्या पेटीतून रोज बरोब्बर तेवढेच खराब नग निघायला लागले, तर मी मशीन तपासायला जात नाही. मी मशीनवाल्याच्या तोंडाकडे बघतो.

मी अर्ज लिहिला. तो पोचायच्या आत मलाच कागद आला. ‘आपण रजेवर असताना कारखान्याच्या फाटकासमोर संशयास्पदरीत्या बसून ये-जा करणाऱ्यांच्या नोंदी घेत असल्याचे निदर्शनास आले आहे. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करावा.’ म्हणजे चौदा वेळा संशय नसताना तपासला, आणि आता संशय आला म्हणून खुलासा. मी खुलाशात लिहिलं, ‘माझी बसण्याची जागा मी रँडम निवडली होती. त्यात वैयक्तिक काहीही नाही.’

या वाक्यामुळे चौकशी कमिटी बसली.

तीन साहेब, एचआर बाई, टेबल, पाण्याच्या बाटल्या. सगळं थेट फाटकावरच, कारण मशीन उचलून आणता येत नव्हतं. जेवणाची सुट्टी, म्हणून अर्धा कारखाना बघायला गोळा. जमादार धावत धावत खुर्च्या मांडत होता, साहेबांना ऊन लागू नये म्हणून छत्री धरत होता.

“दाबा बटण,” मोठे साहेब म्हणाले. “पाहिजे तेवढ्यांदा दाबा.”

मी दाबलं. हिरवा. पुन्हा दाबलं. हिरवा. दहा झाले. वीस झाले. बोटाच्या पेरावर खड्डा पडला. तिसाव्यांदाही हिरवा. पैलवान मागून ओरडला, “गेजवाले, आज घरी जायला हरकत नाही!” आणि हशा पिकला.

“समाधान?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. तिसांत दोन-तीन तरी लाल यायला हवे होते. एकही आला नाही, हेही संशयास्पदच आहे.”

साहेबांनी चेहरा असा केला जसा आपण दारावरच्या विक्रेत्याला करतो. “तुमची नेमकी तक्रार काय आहे? लाल जास्त येतो ही, की कमी येतो ही?”

याला उत्तर होतं. खरं सांगतो, नीट, मुद्देसूद उत्तर होतं. पण शंभर माणसं हसत असताना मुद्देसूद उत्तर देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एचआर बाईंनी कागदावर लिहिलं, ‘यंत्र निर्दोष. तक्रारदार असमाधानी.’ म्हणजे जणू मीच बिघडलेलं यंत्र.

तिथून परत बेंचवर गेलो. पेटी समोर होती. हात आत घातला, छताकडे बघितलं, आणि हात पेटीत असतानाच डोक्यात ट्यूब पेटली. रोज पाच वाजता जमादार त्या खांबाशेजारच्या स्टुलावर बसलेला असतो. झडतीपुरता आत जातो, बाकी हलत नाही. पाणीसुद्धा जागेवर मागवतो. आज तीस हिरवे लागले तेव्हा तो कुठे होता? छत्री धरून, दहा हातांवर.

पाच वाजता मी रांगेत उभा राहिलो, पण डोळे दिव्यावर ठेवले नाहीत. खाली ठेवले. स्टुलाखाली गोणपाटाचा तुकडा होता. माझ्या पुढचा माणूस आला, जमादाराचा बूट स्थिर. हिरवा. मी आलो. बुटाची टाच उचलली, खाली टेकली. लाल.

मी आत गेलो, मागोमाग जमादार आला. मी पिशवी उलटी केली, डबा उघडला आणि शांतपणे विचारलं, “जमादार, गोणपाटाखाली काय आहे?”

तो बिचारा खोटं बोलण्यातला नव्हता. मटकन बसला. “बटण आहे. मशीन आठव्या दिवशीच बिघडलं. आतला पार्ट येणार होता. तोवर वायरमननं पायाचं बटण बसवून दिलं. तात्पुरतं.”

“कधीची गोष्ट?”

“दीड वर्ष झालं.”

“आणि माझ्यावरच का पाय?”

“आता काय सांगू, गेजवाले.” त्याने टोपी काढली. “रोज वीस झडत्या लिहिल्याच पाहिजेत, वरून हुकूम आहे. पैलवानाला आत घेतला तर बाह्या वर करतो. टायवाला साहेबांकडे जातो. काहींच्या पिशव्यांत हात घालवत नाही. आणि चुकून कुणाकडे काही सापडलंच, तर मग पंचनामा, साक्ष, पोलीस, मला घरी जायला आठ वाजणार. तुमचं कसं आहे... पिशवी स्वच्छ, डबा घासलेला, तोंडातून शब्द नाही. दोन मिनिटांत सही. तुमच्याकडे काही सापडायचं नाही याची मला पक्की खात्री होती. कारखान्यात तुमच्याइतका सरळ माणूस नाही, आईशप्पथ.”

हे त्याने कौतुक म्हणून सांगितलं! माझं डोकं फिरलं. मी वरचा नग होतो. चकचकीत, हाताशी आलेला, पास होणार हे आधीच ठाऊक असलेला. आळशी तपासनीसाने उचलायचा तो. एकवीस वर्षं मी स्वतः जे केलं नाही ते माझ्यावर चौदा वेळा झालं होतं, आणि मी सरळ आहे म्हणून माझी नोंद वाकडी झाली होती. चोर असतो तर वही कोरी राहिली असती.

दुसऱ्या दिवशी एचआर बाईंना सांगितलं. त्या खुर्चीतून उठून दार लावून आल्या. मग एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. “काका, हे बाहेर गेलं तर दीड वर्षाच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतील. ऑडिट आहे. तुम्ही यावर सही करा. ‘निवड रँडम होती, माझा गैरसमज दूर झाला आहे.’ सुपरवायझरची जागा तुमचीच समजा. खरंच. मी शब्द देते.”

“आणि वहीतल्या चौदा नोंदी?”

“त्या राहतील. पण त्यांच्याकडे बघणार कोण?”

“तुम्ही बघितल्या होत्या, बाई.”

कागद घेऊन घरी आलो. विचार करायला एक दिवस दिला होता. खोटं कशाला बोलू, विचार केला. खुर्ची मिळणार होती, स्वतंत्र टेबल, दारावर नाव. बायको कागद दोनदा वाचून म्हणाली, “सही केलीत तर दारावर नाव लागेल, ते बरं आहे. पण त्या वहीत एका महिन्यात तुमचं नाव चौदा वेळा आहे. दारावर एकदा.” आणि ती गॅस बंद करायला आत गेली. गणितवाले सर वर राहतात, पण गणित आमच्या घरातही येतं.

झडतीच्या खोलीत, फाटकाच्या भिंतीवर एक बोर्ड आहे. झडतीचे नियम. रंग उडालेला, आजवर कुणी वाचलेला नाही. मी वाचला, कारण मोजे घालताना तोंड त्याच भिंतीकडे होतं, चौदा वेळा. नियम सातवा : ‘कामगाराने स्वतःहून झडतीची मागणी केल्यास ती नाकारता येणार नाही व तिची रीतसर नोंद करण्यात येईल.’

पाच वाजता मी खांबापाशी गेलो आणि बटणाला हात लावला नाही. बाईंचा कागद सही न करता वहीच्या टेबलावर ठेवला, वर पिशवी. “जमादार, माझी झडती घ्या. नियम सात. निवडीच्या रकान्यात लिहा, ‘स्वतःहून’.”

“अहो, कशाला? जा की घरी!”

“लिहा.”

मागे पैलवान होता. त्याला मी दुपारीच पायाचं बटण सांगून ठेवलं होतं. तो काय करील हे माहीत नव्हतं. त्याने बाह्या वर केल्या, तेव्हा मी जरा बाजूला सरकलो. पण त्याने पिशवी काढून टेबलावर आपटली. “माझीपण घ्या. मोजेपण बघा, चार दिवसांचे आहेत.” त्याच्या मागचा म्हणाला, “माझी.” त्याच्या मागचा, “माझी.” पॅकिंगमधल्या बायकांनी पर्सच्या चेनी एकदम उघडल्या, तो आवाज अजून कानात आहे. दोनशे वीस माणसं. एका झडतीला दोन मिनिटं म्हटली तरी सव्वासात तास. दीड वर्ष ज्याने झडत्या चुकवण्यासाठी पाय झिजवला, त्या जमादाराच्या टेबलावर डब्यांचा डोंगर झाला. तो हात जोडत होता, “घरी जा रे बाबांनो, कुणावरही संशय नाही!” टायवाला रांग तोडून पुढे निघाला होता, त्याला पॅकिंगच्या एका मावशीने टाय धरून जागेवर आणला.

रांग फाटकाबाहेर गेली. बस अडकली. ट्रक अडकला. ट्रकमागे साहेबांची गाडी अडकली. हॉर्न वाजून वाजून थकला तेव्हा मोठे साहेब उतरून आले, मागे एचआर बाई.

“हा काय प्रकार आहे?” साहेब ओरडले.

“रँडम आहे, साहेब,” मी म्हटलं. “आज सगळ्यांचा नंबर लागला.”

कुणी हसलं नाही. या वेळी कुणीच हसलं नाही, आणि त्या शांततेचा साहेबांना हॉर्नपेक्षा जास्त त्रास झाला. “तुम्हाला पाहिजे काय? सुपरवायझरची जागा?”

“माझ्याविरुद्ध मांडलेली नोंद दुरुस्त करून पाहिजे. चौदाही.”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी गाडीच्या बॉनेटवर वही उघडली. आधी म्हणाल्या, शेवटी एक शेरा मारते. मी म्हटलं, नाही, डाग चौदा जागी आहे. मग ‘रँडम’ खोडून काय लिहायचं यावर दहा मिनिटं गेली. मी म्हटलं, ‘पहारेकऱ्याच्या मर्जीने’. त्या म्हणाल्या, “मर्जीने फार होतंय, काका. ‘सोयीसाठी’ लिहू?” म्हटलं, लिहा, पण कुणाच्या सोयीसाठी तेही लिहा. मग त्यांनी लिहिलं : ‘निवड : सुरक्षा विभागाच्या सोयीसाठी. कामगारावर संशय नव्हता.’ चौदा वेळा. प्रत्येकीखाली सही, तारीख, हुद्दा. सातव्या ओळीला पेन संपलं, तेव्हा साहेबांनी स्वतःचं दिलं. मागे रांगेतली माणसं मोठ्याने मोजत होती. आठ. नऊ. जमादारही मोजत होता.

मग मी पिशवी उचलली. रांग आपोआप मोडली आणि सगळे घरी गेले.

सुपरवायझरची जागा टायवाल्याला मिळाली. अर्थात मिळाली, त्यात मला नवल वाटलं नाही. महिन्याने बाईंच्या केबिनमध्ये कामासाठी गेलो होतो तेव्हा मी सहज विचारलं, “बाई, दोन नावं होती, त्यातून त्याचं कसं निघालं?” बाईंनी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होता, मला दिसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि मला बसायला खुर्ची दिली.